खंडी म्हणजे किती?

बसा खाली. खिडकीबाहेर काही नाही, इकडं बघा.

'माझा तालुका' या विषयावर तुम्ही लिहिलेले निबंध मी तपासले. अक्षर सुधारलंय. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकाही कमी झाल्यात. तरी एकाही निबंधाला मी गुण दिलेले नाहीत, आणि का दिले नाहीत ते सगळ्यांनी एकत्र ऐकायचं. उजनीत 'करोडो लिटर' पाणी आहे. पालखीला 'झिलियन' वारकरी येतात. कारखान्यावर 'असंख्य' ऊस येतो. मोरोपंतांनी 'ढीगभर' रामायणं लिहिली. मेंढ्यांच्या रिंगणात 'खंडीभर' मेंढ्या धावतात. पानोपानी मोठे शब्द आहेत आणि आकडा एकही नाही. दहावीत बसलेल्या मुलांनी, त्यातही बारामती-इंदापूरच्या मुलांनी असं लिहावं, याचा मला राग आला आहे. तो लपवायचं मला कारण दिसत नाही.

तुमच्या घरी असा कारभार चालतो का? ऊस तुटला, ट्रॉली काट्यावर गेली आणि काटेवाल्यानं तुमच्या वडिलांना सांगितलं, 'पाहुणं, लय ऊस आला तुमचा, जावा आता', तर ते घरी येतील का? ते पावती मागतील. पावतीवर टन आणि किलो असतील. भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, वजावट, निव्वळ वजन, सगळं असेल. पन्नास किलोचा फरक पडला तरी तिथंच उभं राहून ते जाब विचारतील. ज्यांच्या घामाचा दाम काट्यावर ठरतो त्यांची तुम्ही मुलं. वही उघडली की तुमचा काटा जातो कुठं?

आधी 'असंख्य ऊस' काढून टाका. हे मराठीच नाही. ज्याची संख्या करता येत नाही ते असंख्य, आणि ज्याचं माप करता येत नाही ते अमाप. झाडं असंख्य, पाणी अमाप. माणसं अगणित असतील, धान्य अगणित नसतं. ऊस टनावर मोजतात, म्हणून तो फार तर अमाप म्हणा. या भाषेनं 'पुष्कळ' सांगण्यासाठीसुद्धा मोजण्याच्या रीतीप्रमाणं वेगळे शब्द केले आहेत. तुम्ही सगळ्यांना एकाच पोत्यात कोंबता.

आता खंडी. ज्यानं 'खंडीभर मेंढ्या' लिहिलं त्यानं उभं राहावं. काटेवाडीचाच ना तू? तुकोबांची पालखी बारामतीहून निघून सणसरकडं जाताना तुझ्या गावात मेंढ्यांचं रिंगण होतं. पालखीभोवती मेंढ्या धावतात, ते तू लहानपणापासून बघतोस. मग खंडीभर म्हणजे किती, हे तुला माहीत असायला हवं. माहीत नाही. ऐक. धान्याची खंडी म्हणजे वीस मण. आणि मेंढरांची, शेरडांची खंडी म्हणजे वीस नग. धनगर 'पाच खंड्या मेंढरं' म्हणतो तेव्हा तो शंभर म्हणतो. एकही कमी नाही, एकही जास्त नाही. संध्याकाळी वाघरात मेंढरं घालताना एक कमी भरली तर तो रात्री माघारी जाऊन शोधतो. तुझ्या निबंधाप्रमाणं रिंगणात वीस मेंढ्या धावल्या. तुला म्हणायचं होतं शेकड्यांनी.

'वहिनींनी खंडीभर भाकरी थापल्या' हे चूक आहे, असं मी म्हणत नाही. घरात, पारावर, ओट्यावर ते चालतंच. पण हा शब्द तिथं कुठून आला, ते समजून घ्या. शेर, पायली, मण, खंडी ही चढती मापं होती. खंडी सगळ्यांत वरची. सामान्य कुणब्याच्या घरात सगळ्यांत मोठं माप तेवढंच, त्यापुढं मोजायची पाळी क्वचित यायची. म्हणून खंडी हा 'पुष्कळ'चा शब्द झाला. ज्याच्या जगात जे माप शेवटचं, तेच त्याच्या तोंडी 'अफाट' या अर्थानं येतं. ही पहिली गोष्ट.

दुसरी अशी की माप मेलं की शब्द सैल होतो. १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला, त्यानंतरच्या काही वर्षांत बाजारातून शेर गेला, मण गेला, आणि किलो-क्विंटल आले. तोपर्यंत खंडी हा नुसता अलंकार नव्हता. बाजारात खंडी म्हटली की व्यापारी लगेच विचारायचा, कुठली खंडी? मुंबईची वेगळी, पुण्याची वेगळी, धान्याची वेगळी, वजनाची वेगळी. आता विचारणारंच कोणी उरलं नाही, म्हणून तुमच्या हातात नुसतं टरफल आलं. 'पैशाला पासरी' तसंच. पासरी म्हणजे पाच शेर. एका पैशाला पाच शेर मिळतं इतकं ते स्वस्त, हा त्या बोलण्याचा नेमका हिशेब होता. वर्गात एकानंही पासरी म्हणजे काय ते सांगितलं नाही. मी मागच्या आठवड्यात विचारलं होतं.

सतरा, छप्पन्न, सतराशे साठ या आकड्यांचंही सांगते. 'सतरा वेळा सांगितलं', 'असले छप्पन्न पाहिलेत', 'सतराशे साठ भानगडी'. आकडे अगदी नेमके, तरी मोजणी कोणीच केलेली नसते. यांत संख्या नाही, वैताग आहे. आई 'सतरा वेळा हाक मारली' म्हणते तेव्हा तिच्या हाका मोजायला बसू नये, उठून जावं. बोलणाऱ्याचं मन कळवण्यापुरते हे आकडे उत्तम. पण एका मुलीनं निबंधात लिहिलंय, 'आमच्या तालुक्यात सतराशे साठ विहिरी आहेत.' बाळ, हे वाचणारा तो आकडा खरा धरेल. तुझ्या वैतागाची नोंद तो सरकारी आकडा म्हणून पुढं सांगेल.

आणि 'बेसुमार'. फारसीत शुमार म्हणजे मोजणी. ज्याला मोजणीच नाही ते बेसुमार. त्याच शुमारापासून आपला 'सुमारे' आला, म्हणजे अंदाजे मोजून. शिरगणतीला जुन्या मराठीत 'खानेसुमारी' म्हणत, म्हणजे घराघराची मोजणी. एकाच घरातले हे तीन शब्द. एक म्हणतो नीट मोजलं, एक म्हणतो अंदाजे मोजलं, एक म्हणतो मोजलं नाही. लिहिताना यातलं आपण काय केलं ते प्रामाणिकपणे ठरवायचं आणि तोच शब्द घ्यायचा. 'सुमारे' हा फार चांगला शब्द आहे. तो वापरायची तुम्हाला लाज का वाटते? संबंध गठ्ठ्यात तो मला एकदाही सापडला नाही.

तुमच्या आज्या श्रावणात लाखोली वाहायच्या. बेलाची, दूर्वांची, फुलांची. लाख म्हणजे लाखच. शंभराचे वाटे करून, हजाराचे वाटे करून, दिवसचे दिवस बसून मोजायच्या. शाळेची पायरी न चढलेल्या बायकांनी लाख मोजलाय, स्वतःच्या बोटांनी. आज आपल्याकडं राहिली ती शिव्यांची लाखोली, आणि ती कोणी मोजत नाही. समर्थ रामदासांनी नाशिकजवळ टाकळीला बारा वर्षांत तेरा कोटी रामनामजप केला असं परंपरा सांगते. तुमच्यातल्या एकानं हे लिहिलं, चांगलं केलं. पण पुढं थांबलास का? भाग दे. बारा वर्षांचे सुमारे चार हजार तीनशे ऐंशी दिवस. तेरा कोटीला त्यानं भागलं की दिवसाला तीस हजारांच्या जवळपास जप येतो. भागाकार केलास की तेरा कोटी हा शब्द राहत नाही. पहाटेपासून नदीत उभं राहिलेल्या माणसाचा दिवस दिसायला लागतो.

कोटी म्हणजे किती, हेच तुम्हाला आतून कळलेलं नाही, म्हणून 'करोडो' इतकं सहज सुटतं. (मराठीत कोटी म्हणतात. करोड हिंदीतला. मूळ एकच असलं तरी आपला शब्द टाकून शेजारचा कशाला?) सेकंदाला एक याप्रमाणं न झोपता, न जेवता मोजत बसलात तर लाखाला अठ्ठावीस तास लागतील. कोटीला एकशे सोळा दिवस. अब्जाला जवळजवळ बत्तीस वर्षं. लाख, कोटी, अब्ज हे तुम्ही एका ओळीत शेजारी शेजारी लिहिता. त्यांच्यातलं अंतर हे असं आहे.

आता उजनी काढा. तुमच्यातल्या निम्म्यांच्या घरी उजनीचं नाहीतर नीरा डाव्या कालव्याचं पाणी येतं. 'टीएमसी' हा शब्द चहाच्या टपरीवरही चालतो. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. एका घनफुटात सव्वाअठ्ठावीस लिटरांहून थोडं जास्त पाणी मावतं. म्हणजे एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३१ कोटी लिटर. उजनीचा एकूण साठा ११७ टीएमसी. गुणा. सुमारे ३ लाख ३१ हजार कोटी लिटर. तुम्ही लिहिलं 'करोडो लिटर'. मी उदार होऊन त्याचे दहा कोटी धरले, तरी तुम्ही उजनीचा तेहतीस हजारावा हिस्सा सांगितलात. ज्या शब्दानं धरण मोठं करायचं होतं त्याच शब्दानं ते डबकं केलं. २०२१ साली उजनीच्या पाच टीएमसीवरून इंदापूरकर आणि सोलापूरकर यांच्यात केवढा वाद पेटला, ते घरी ऐकलंच असेल. मोठी माणसं तावातावानं भांडत होती. पाच टीएमसी म्हणजे किती लिटर, किती एकर, किती आवर्तनं, हे त्या भांडणात किती जणांना सांगता आलं असतं? ज्याला सांगता येतं, त्याला कोणी फसवत नाही.

या ३ लाख ३१ हजार कोटीला आपल्याकडं नाव आहे, हे तुम्हाला कोणी सांगितलं नसेल, म्हणून मी सांगते. भास्कराचार्यांनी ११५० साली 'लीलावती' लिहिली. तिच्यात दहा-दहा पटींनी चढत जाणाऱ्या अठरा स्थानांची नावं आहेत. एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. उतरून घ्या. महापद्म म्हणजे एकावर बारा शून्यं. उजनी पूर्ण भरली की तिच्यात सव्वातीन महापद्म लिटरांहून जास्त पाणी असतं. अब्ज म्हणजे कमळ, महापद्म म्हणजे मोठं कमळ, जलधी म्हणजे समुद्र. तळंभर कमळं, समुद्राचं पाणी. हे शब्दही असेच कधीतरी 'मोजता येणार नाही इतकं' या भावनेतून आलेले दिसतात. पण आपल्या पूर्वजांनी त्यांना सैल सोडलं नाही. प्रत्येकाला जागा दिली, आणि त्या जागेवरून हलू नको म्हणून सांगितलं. माझा अभिमान त्या जागा देण्याचा आहे. नुसतं 'आमच्या पूर्वजांना परार्ध माहीत होता' असं भाषणात ओरडून आणि वहीत 'करोडो' लिहून अभिमान होत नाही.

मात्र या जागाही न बघता वापरायच्या नसतात. मराठीतला खर्व म्हणजे दहा अब्ज. हिंदीतला खरब म्हणजे शंभर अब्ज. हिंदी वर्तमानपत्रातला खरब उचलून मराठीत खर्व केलात तर दहापट चुकाल. इंग्रजांचंही तसंच होतं. ब्रिटनमध्ये बिलियन म्हणजे दशलक्ष गुणिले दशलक्ष असे. १९७४ साली तिथल्या सरकारनं आपल्या आकडेवारीत अमेरिकी अर्थ घेतला आणि बिलियन म्हणजे शंभर कोटी ठरलं. त्याआधीचं इंग्रजी पुस्तक वाचताना साल बघायचं.

'झिलियन'वाल्या, तू आता ऐक. कुठून आणलास हा शब्द? मिलियन हा खरा शब्द आहे. इटालियनमध्ये हजाराला 'मिल्ले' म्हणतात, त्याला मोठेपणाचा प्रत्यय लावून 'मोठा हजार' झाला. त्याच्या वळणावर बिलियन, ट्रिलियन झाले. झिलियन त्यांच्यासारखा दिसतो, म्हणून तू त्यांच्या रांगेत उभा केलास. तो त्या रांगेतला नाही. विसाव्या शतकात इंग्रजी बोलणाऱ्यांनी गमतीनं केलेला शब्द आहे तो. त्याला किंमत नाही, शून्यं नाहीत. आपल्या 'सतराशे साठ'च्या जातीचा तो. 'गूगोल' मात्र तसा नाही. अमेरिकेतले गणिती एडवर्ड कास्नर यांनी एकावर शंभर शून्यं असलेल्या संख्येला नाव सुचवायला आपल्या लहान भाच्याला सांगितलं. त्यानं हा गमतीचा शब्द दिला. कास्नर यांनी तो १९४० च्या पुस्तकात छापला, पण छापताना किमतीसकट छापला. मुलाच्या तोंडचा शब्द गणितात बसला, तो त्याला पक्की जागा दिली म्हणून. तुम्ही रोज ज्या कंपनीच्या खिडकीत शब्द शोधता तिचं नाव त्याच शब्दावरून आलंय. नवे शब्द करू नका असं मी म्हणत नाही. करा, पण त्यांची किंमत सांगा.

वारीत झिलियन वारकरी नसतात. ते किती असतात, हे तुला एकट्याला मोजता येणार नाही, मान्य. पण दिंड्या मोजता आल्या असत्या. रथापुढच्या दिंड्यांना क्रमांक असतात, रथामागच्यांनाही असतात. बेलवाडीच्या गोल रिंगणाला तू हजर होतास, तसं तूच लिहिलंयस. मग पताकांवरचे क्रमांक वाचायचे. एका दिंडीत किती माणसं आहेत ते विणेकऱ्याला विचारायचं, दोन-तीन दिंड्यांत विचारायचं आणि मग लिहायचं, 'सुमारे इतके'. न मोजता बोललेल्या झिलियनऐवजी त्या अंदाजाला मी पैकीच्या पैकी गुण दिले असते.

मोरोपंतांवर एवढ्यासाठी बोलते की ते आपल्या बारामतीचे. जन्म १७२९ चा, पन्हाळ्याचा. पण आयुष्य इथं गेलं, कऱ्हेच्या काठी, आणि १७९४ ला इथंच संपलं. त्यांनी 'ढीगभर' रामायणं लिहिली नाहीत. परंपरा त्यांच्या नावावर एकशे आठ रामायणं सांगते. त्यांतलं एक निरोष्ठ आहे, म्हणजे प, फ, ब, भ, म असे ओठ मिटून उच्चारायचे वर्ण टाळून रचलेलं. आणि त्यांची आर्या म्हणजे ओळीला तीस मात्रा. मात्रा न मोजता त्यांनी ओळ सोडली नाही. सबंध आयुष्य ज्या माणसानं मोजण्यात घातलं, त्याच्या कामाला त्याच्याच गावातल्या मुलीनं 'ढीग' म्हटलं. हे वाचून मला वाईट वाटलं, रागापेक्षा जास्त.

हा भाषेचा छंद आहे, गुणांपुरतं आहे, असं तुमच्यातल्या काहींना वाटतंय. चेहऱ्यांवर दिसतंय. म्हणून पानिपताची गोष्ट सांगते. १४ जानेवारी १७६१ ला लढाई झाली. बातमी पेशव्यांकडं पोचली ती एका सावकारी पत्रातून, सांकेतिक भाषेत. दोन मोती गेले, म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ. सत्तावीस मोहरा गेल्या, म्हणजे मोठे सरदार. आणि पुढं चांदी-तांब्याची नाणी किती गेली त्याचा हिशेब नाही. ही शेवटची नाणी म्हणजे कोण? ते शिपाई होते, बुणगे होते, पाणक्ये, भालदार, मोतद्दार, आणि बरोबर गेलेली बायामुलं. मोती मोजले, मोहरा मोजल्या, तांबं मोजलं नाही. आपल्या गावांतल्या कुळांची माणसं गेली असतील तर ती त्या न मोजलेल्यांत गेली. 'अगणित' हा शब्द माणसांवर वापरता तेव्हा तुम्ही काय करता, ते यावरून कळायला हवं. उजनीच्या पाण्याखाली गावं गेली, पळसदेवचं जुनं देऊळ पाणी उतरलं की अजून वर येतं. तुमच्यातल्या दोघांनी लिहिलंय की 'कित्येक कुटुंबं' उठली. ज्या कुटुंबाचं नाव यादीत आलं त्याला जमीन मिळाली, ज्याचं राहिलं ते वर्षानुवर्षं कचेरीच्या पायऱ्या चढलं. 'कित्येक' म्हटलं की यादीची गरज संपते. ती संपू देऊ नका. तुमच्यापैकी एकाचे आजोबा अजून ती कागदपत्रं पेटीत ठेवून आहेत, मला माहीत आहे. त्यांनी 'कित्येक' म्हटलेलं मी कधी ऐकलेलं नाही. ते घरं सांगतात, आळीवार, नावानिशी.

बोलताना तुम्ही लय म्हणा, मोप म्हणा, बक्कळ म्हणा, रग्गड म्हणा. हे आपल्या मातीतले शब्द आहेत आणि त्यांच्या जागी ते मला हवेच आहेत. आजी 'मोप झालं, आता वाढू नगं' म्हणते तेव्हा तिला पोळ्यांची संख्या विचारायची नसते. पण जिथं मोजलेलं आहे, मोजता येतं किंवा मोजायलाच हवं होतं, तिथं हे शब्द आणलेत तर मी त्यांच्याखाली लाल रेघ मारणार. दर वेळी.

निबंध सोमवारपर्यंत पुन्हा लिहायचा. प्रत्येकानं एक तरी मोठा आकडा स्वतः गुणून, भागून आणायचा आणि मोजणी कशी केली ते खाली दोन ओळींत लिहायचं. वारीत गेला असाल तर दिंडीचा क्रमांक. ऊस असेल तर यंदाच्या सगळ्या पावत्यांची बेरीज, वडिलांना विचारून. विहिरी लिहायच्या तर आपल्या वस्तीवरच्या, चालत जाऊन बघितलेल्या.

आणि घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला विचारा, आपल्याकडं पायलीत शेर किती धरायचे आणि मणात पायल्या किती. भिगवणच्या मुलाचं उत्तर आणि निमगाव केतकीच्या मुलीचं उत्तर वेगळं येईल. एकमेकांचं बघून सारखं करू नका. जे ऐकाल तेच लिहा, सांगणाऱ्याचं वय आणि गाव लिहा. काटेवाडीच्या, तू वाड्यावर जाऊन खंडी विचार. मेंढरं किती, ते धनगराच्या तोंडून ऐकून ये.